काम करीत नाही

ता. १२ माहे मार्च सन १९६१

मी, हैबती कोंडाजी उतेकर, वय वर्षे बहात्तर, धंदा शेती, शिक्षण मराठी इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वी एकोणीस वर्षे या गावचा पोलीस पाटील आणि चालू सालच्या खानेसुमारीत सरकारनियुक्त गणतीदार, राहणार मौजे उंबरकोंड, पोलादपूर, जिल्हा कुलाबा, आपला मुलगा दत्ताराम यास पुढीलप्रमाणे लिहून कळवितो.

पत्राचा आरंभ आशीर्वादाने करावा ही रीत मला ठाऊक आहे. तुझ्या कार्डावर नमस्कार नव्हता, सबब येथे आशीर्वाद नाही.

कार्ड परवा पोहोचले. मजकूर एका ओळीचा आहे. तुझी पत्नी तुळसा ता. २४ फेब्रुवारी रोजी भर दुपारी टाकीच्या कड्यावर कशाला गेली होती, इतकेच तू विचारले आहेस. याचे उत्तर मी त्याच दिवशी हवालदारांपुढे दिले असून ते पंचनाम्यात नमूद आहे. आपल्या घरच्या स्त्रिया रानात कामास जात नाहीत. ती का गेली हे मला ठाऊक नाही. मी एकदा दिलेला जबाब बदलणारा मनुष्य नव्हे.

वाडीत लोक काय बोलतात त्याला मी जबाबदार नाही. बाई कामाला गेली नव्हती तर एकटी कड्यावर कोणाला भेटायला गेली, की जीव द्यायला गेली, असे दोन तर्क चालू आहेत. दोन्ही तुझ्या कानी गेले आहेत, हे तुझ्या वागण्यावरून दिसले. तिचा दहावा करून निघताना तू अंगणात सर्वांदेखत म्हणालास, "पोरगी वरंधलाच ऱ्हाऊ दे. कोणाची हाय ते तिकडंच ठरवा." तीन वर्षांची बनू तेव्हा तिचा वरंधचा मामा भागोजी याच्या खांद्यावर होती. ती तुला हाका मारीत होती. तू एस. टी. चुकेल म्हणून मागे पाहिले नाहीस.

शेतीची हकिकत अशी. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा आहे. जमिनीवर शेण पडले आहे, परंतु त्यावर पसरायचा पाला अर्ध्याच जागेवर पडला होता व काम थांबले होते. काल दुपारी जेवून राबावर गेलो, तो ऐनाच्या पाल्याचे दोन भारे ताजे तोडून बांधावर ठेवलेले आढळले. शेजारच्या ठमावहिनींनी दया म्हणून टाकले असावेत. आपणास कोणाच्या दयेची गरज नाही, असे मी त्यांना कळविणार आहे.

हैबती कोंडाजी उतेकर

ता. २१ माहे मार्च सन १९६१

दत्ताराम यास,

तुझे उत्तर नाही. ते यावे म्हणून हे पत्र नाही. काही गोष्टी नोंदीत असाव्यात म्हणून लिहितो.

भारे ठमावहिनींनी टाकलेले नाहीत. मी तसे कळविण्यास गेलो असता त्या कंबरेवर हात ठेवून हसल्या. "भावजी, माझ्या राबाला पाला नाय आन् तुमच्या राबाला टाकू? याड लागलंय काय मला?" नंतर हसणे थांबवून हळूच म्हणाल्या, "पर कोण राबतंय वो तुमच्या राबावं? आमी बी बघतोय. दुपारी कोयता वाजतो टाकीकडं."

मी एकतीस घरी विचारले. कोणी कबूल होत नाही. रोज दुपारी दोन भारे मात्र येतातच. एका वेलीने बांधलेले, आत सुकलेले पान नाही, कोणा आळशी मनुष्याचे काम नाही. मी फांद्यांची बुडे तपासली. आपण उजव्या हाताने कोयता मारतो, तेव्हा काप एका बाजूला उतरता पडतो. या फांद्यांचे काप उलट बाजूला उतरते आहेत.

वाडीत डावखुरी एकच होती. तिच्या हातचे वाढलेले नको म्हणून तुझी आई, ती होती तोवर, कुरकुर करीत असे, हे तुला आठवत असेल.

मी अनुमान लिहीत नाही. पाहिले ते लिहितो.

आता खानेसुमारीविषयी लिहितो, कारण लोकांनी तुला तिकडे काहीबाही सांगितले असेल. शाळेचे मास्तर तापाने आजारी पडल्यामुळे उंबरकोंडची गणती माझ्यावर आली. चौथी शिकलेल्या मनुष्यावर सरकारने असा विश्वास टाकावा ही लहान गोष्ट नाही. माणशी एक चिठ्ठी. प्रत्येकास विचारायचे की तो काम करतो किंवा नाही. शेतीचे काम हंगामाच्या बहुतेक दिवसांत रोज एक तासाहून अधिक करणारा तो काम करणारा. जी स्त्री केवळ घरचे रांधणे-वाढणे पाहते ती काम न करणारी. हा नियम मला पाठ आहे.

मी प्रत्येक दारात नियमाप्रमाणे विचारले. ठमावहिनी डोक्यावर करवंदीच्या काट्यांचा भारा घेऊन उभ्या होत्या. विचारले, काम करता काय? "मी? मी कसलं काम करतंय? घरीच असतंय की." मी म्हटले, मग हा भारा? "हे काय काम हाय? हे वझं हाय." पुढच्या घरी रंगूबाई गोठ्यातून शेण उचलीत होती. तीही हेच म्हणाली. सर्व घरी हेच. जो जबाब मिळाला तो मी लिहिला. एकूण माणसे एकशे चौसष्ट, पैकी जाणत्या वयाच्या स्त्रिया अठ्ठावन्न, पैकी काम करणाऱ्या शून्य.

ता. ७ मार्च रोजी चिठ्ठ्या तपासणाऱ्या हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "पाटील, अठ्ठावन्नांत एकही नाही? मग तुमच्याकडे भात लावतं कोण, वानरं?" मी उत्तर दिले, "आमची वाडी मानाची आहे, साहेब." त्यांनी सही केली.

आपल्या घरची चिठ्ठी ता. १३ फेब्रुवारीस लिहिली. तेथे विचारण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तुळसेस विचारले नाही. ती राबावर शेण पसरून आली होती. हात कोपरापर्यंत भरलेले. दारातूनच म्हणाली, "मामंजी, माझं काय लिवलंत?"

मी वाचून दाखविले, काम करीत नाही.

मग म्हणाली, "बरं झालं. म्हंजे आजपासनं मी बसू?"

तिला हसू आले होते. सुनेने सासऱ्यापुढे असे हसावे काय, याचा निर्णय तू कर.

दि. १ मार्चच्या सूर्योदयापूर्वी जे मयत झाले त्यांच्या चिठ्ठ्या रद्द करण्याचा हुकूम होता. घरात सुतक होते, तरी सरकारी काम मी चुकविले नाही. तिच्या चिठ्ठीवर मी स्वतः रेघ मारली. रेघ सरळ आली आहे.

हैबती कोंडाजी उतेकर

ता. ३० माहे मार्च सन १९६१

दत्ताराम यास,

पाहिले ते लिहितो असे मागील पत्रात म्हटले होते. त्यास धरून.

ता. २२ पासून सलग सात दिवस मी दुपारचे जेवण लवकर आटोपून साखळीचे घड्याळ घेऊन राबाच्या बांधावर बसलो. ऊन असे की वाडीतले कुत्रेही सावलीतून हलत नाही. त्या वेळी टाकीकडे कोणी फिरकत नाही. ती उतरण वाडीतून दिसतही नाही.

कोयत्याचा पहिला घाव अकरा वाजून पन्नास मिनिटांनी. शेवटचा एक वाजून दहा मिनिटांनी. मधे दोन वेळा थांबतो, तेव्हा पायवाटेवरचा पाचोळा दबत खाली येतो. डोक्यावर ओझे असलेल्या माणसाचे पाऊल जसे टाचेवर पडते तसे. वाटेवर कोणी नसते. पाचोळा मात्र दबतो आणि उठतो. तो आवाज बांधाजवळ आला की मी वेळ टिपण्यासाठी घड्याळात पाहतो. वर पाहतो तो भारा राबावर पडलेला, पान थरथरत असलेले, आणि जमिनीची धूळ अजून खाली बसायची असते. मान खाली घालायची नाही असे मी दोन दिवस ठरविले होते. दोन्ही दिवशी घातली.

सातही दिवसांची वेळ मी लिहून ठेवली आहे. सर्वांत कमी एक तास वीस मिनिटे. रोज. एक तासाहून अधिक.



माझ्याजवळ एक कोरी चिठ्ठी उरली होती. उरलेल्या चिठ्ठ्या परत करण्याचा नियम आहे. ती मी परत केलेली नाही. असे मी आयुष्यात प्रथमच केले. काल ती चिठ्ठी, दौत व टाक घेऊन मी टाकीच्या कड्यावर गेलो. कड्याच्या काठाला ऐनाची तीन झाडे आहेत. मधल्या झाडाची एक फांदी दरीवर गेलेली आहे. आवाज तिच्यावरून येत होता. माझ्यापासून चार हातांवर फांदीला घाव पडत होते, ढलपी उडून माझ्या धोतरावर पडत होती, आणि फांदीवर कोणी नव्हते. फांदी मात्र वजनाने वाकलेली होती.

मी खडकावर बसलो व रीतीप्रमाणे विचारण्यास आरंभ केला.

नाव? घाव चालू.

वय? घाव चालू.

घरातील प्रमुखाशी नाते? घाव चालू. ही उत्तरे मला ठाऊक होती, ती मी भरून घेतली.

नंतर मी विचारले, "काम करतेस काय?"

कोयता थांबला. दरीत इतकी शांतता झाली की शाई वाळण्याचा आवाजही ऐकू येईल असे वाटले. मग फांदीवरून, जेथे कोणी नव्हते तेथून, दमलेल्या माणसाच्या आवाजात उत्तर आले.

"नाय, मामंजी. घरीच असतंय."

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. ठमावहिनी, रंगूबाई आणि सगळ्याजणी ज्या सुरात बोलल्या त्याच सुरात ती बोलली. जे लिहून ठेवले तेच खरे, असा तो सूर होता. त्यानंतर लगेच पुढचा घाव पडला.

चिठ्ठीतील ती जागा मी भरू शकलो नाही. मी जबाब जसा मिळेल तसा लिहिणारा मनुष्य आहे, आणि हा जबाब खोटा होता.

हैबती

ता. ९ माहे एप्रिल सन १९६१

चि. दत्ताराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ता. ३ रोजी मी ती चिठ्ठी घेऊन पोलादपुरास कचेरीत गेलो. तेथील कारकून सभ्य आहेत. त्यांनी मला बसायला बाक दिले. मी त्यांना सांगितले की एका नोंदीत चूक झाली आहे. काम करणारी स्त्री काम न करणारी म्हणून लिहिली गेली आहे. त्यांनी नाव विचारले व वही पाहिली. "आजोबा, ही तर मयत. एक मार्चच्या आधी गेलेली. हिची चिठ्ठीच रद्द आहे. मग हिचं काम लिहायचं कुठं?" मी म्हटले, ती अजून करते आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "आणि चिठ्ठ्या सगळ्या वर गेल्या हो. आता काही होत नाही."

त्यांचे बरोबर आहे. सरकारच्या कागदावर तुळसेला आता जागा नाही. म्हणून जी जागा माझ्या हाती आहे तेथे लिहितो. हा माझा जबाब समजावा.

तुळसा लग्न होऊन आली त्या सालापासून या घरची शेती तीच करीत होती. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, राब, गोठा. मी बांधावर उभा राहत असे. वाडीतल्या बायकांबरोबर ती जवळच्या रानात पाल्याला जाई. चारचौघी असत, हसणे-बोलणे असे, एकीचा पाय घसरला तर दुसरी हात देई. ता. १३ फेब्रुवारीस मी चिठ्ठी लिहिली, आणि त्याच संध्याकाळी तिला सांगितले की यापुढे वाडीच्या बायकांबरोबर रानात जायचे नाही. गणतीदाराच्या घरची सून डोक्यावर भारा घेऊन वाडीतून चालली, तर माझी चिठ्ठी खोटी ठरते. परंतु राब तर झाला पाहिजे. म्हणून मी तिला टाकीचा कडा नेमून दिला. तो वाडीतून दिसत नाही. वेळही नेमून दिली. भर दुपारी, सगळे घरात असताना.

ती म्हणाली, "मामंजी, तिकडं एकटी? तिथली झाडं दरीवं हायेत." मी म्हटले, "कोणी बघता कामा नये." दुसऱ्या दिवसापासून ती जाऊ लागली. अकरा दिवस गेली. अकराव्या दिवशी परत आली नाही.

तिला प्रथम मी पाहिले, हवालदारांनी नव्हे. ती खाली खडकात होती. फांदी तिच्याबरोबर तुटून गेली होती. वर दोन भारे बांधून तयार होते. कोयता झाडात रुतलेला होता. मी खाली जाण्यापूर्वी वरचे काम केले. कोयता काढून घरी आणला व माळ्यावर पेंढ्याखाली ठेवला. परत जाऊन दोन्ही भारे सोडून दरीत विखरून दिले. मग हाक मारली. हवालदारांनी विचारले, बाई येथे कशाला आली होती? माझ्या हाताला ऐनाचा चीक लागलेला होता. मी तो धोतराला पुसला आणि म्हणालो, आमच्या घरच्या स्त्रिया रानात कामास जात नाहीत.

अकरा दिवसांपूर्वी सरकारी चिठ्ठीवर मी जे लिहिले होते तेच मी बोललो. दोन्ही कागद जुळले. आयुष्यभर मी कागद जुळविण्यात अभिमान मानला. त्या जुळलेल्या दोन कागदांमध्ये तुझ्या बायकोचे नाव गेले, आणि तुझ्या मुलीचा बाप गेला.

ती कोणाला भेटायला गेली नव्हती. जीव द्यायला गेली नव्हती. ती कामाला गेली होती. मी पाठविली होती.

वाडीतल्या बायकांना हे सर्व ठाऊक होते. ठमावहिनींना मी विचारले, तुम्ही हवालदारांपुढे का बोलला नाही? त्या म्हणाल्या, "तुमी पाटील. आन् आमाला कोण इचारतंय? तुमीच तर लिवलंत, आमी काय बी करत नाय."

सध्याचा पोलीस पाटील गोमाजी याला मी हा मजकूर वाचून दाखविला. त्याने तो स्वतः पुन्हा वाचला. नंतर म्हणाला, "तात्या, हवालदारापुढं सांगितलंत त्याच्या उलट हाय हे. तुमच्यावं शेकेल." मी म्हटले, शेकू दे. याची एक नक्कल त्याने पोलादपूरच्या ठाण्यात द्यावी, असे त्याला सांगितले आहे. दुसरी तुला. तिसरी वरंधच्या भागोजीच्या हाती दिली. तो नक्कल घेण्यास बनूला घेऊन आज येथे आला आहे.

कोयता अजून वाजतो. हे लिहीत असतानाही वाजतो आहे, आणि ओसरीवर बसलेले सर्वजण तो ऐकत आहेत. राब कधीच भरून झाला. आता भारे बांधावर, बांधावरून वाटेवर रचले जात आहेत. ती थांबत नाही. आपण काम करीत आहोत हेच तिला ठाऊक नाही, तर ते संपले हे तिला कसे कळावे? मी राब भाजलेला नाही. माझ्या हाताने तो पेटला तर मी तिचे काम दुसऱ्यांदा पुसले असे होईल. पाऊस येण्यापूर्वी तू ये. तिचे काम झाले असे तिला सांगायचे असेल, तर ते तिच्या नवऱ्याने सांगावे. मला वाटते तुझे ती ऐकेल. आणि जाताना मुलीला आपल्याबरोबर ने. मला तू भेटलास, न भेटलास, त्याचा आग्रह मी धरणार नाही. तो हक्क मी सोडला आहे.

वरील मजकूर मी शुद्धीवर, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिला असून सर्वांस मोठ्याने वाचून दाखविला आहे. त्या वेळी हजर असलेले:

१. गोमाजी रामा साळुंखे, वय वर्षे पन्नास, पोलीस पाटील, धंदा शेती. सही केली आहे.

२. भागोजी चांगू देशमुख, वय वर्षे चौतीस, राहणार वरंध, मयताचा सख्खा भाऊ, धंदा शेती. सही केली आहे. सही करताना माझ्याकडे पाहिले नाही.

३. ठमाबाई भ्रतार सदू उतेकर, वय अदमासे पासष्ट, धंदा शेती. अंगठा उठविला आहे. धंदा लिहिल्यावर तो पुन्हा वाचून दाखविण्यास सांगितले.

४. रंगूबाई भ्रतार भिकू उतेकर, वय अदमासे चाळीस. धंदा विचारला असता प्रथम "घरीच असतंय" असे म्हणाली. ठमाबाईंनी तिला कोपराने ढोसले व म्हणाल्या, "बोल गो, आता तरी बोल." मग धंदा शेती असे सांगितले. अंगठा उठविला आहे. अंगठ्याच्या रेषा कामाने झिजल्यामुळे ठसा नीट उमटला नाही, तो तीन वेळा घेतला.

५. बनू दत्ताराम उतेकर, वय वर्षे तीन. वयामुळे अंगठा घेतला नाही. वाचन चालू असता ती मामाच्या मांडीवरून उतरून उंबऱ्याबाहेर राबाकडे तोंड करून बसली व बोलावले तरी आत आली नाही. बापाचे नाव मी कोणाला विचारून नव्हे, स्वतःच्या माहितीवरून लिहिले आहे.

हैबती कोंडाजी उतेकर